भालचंद्र निमकरची सोन्याची फाइल

विश्वास आढाव भालचंद्र निमकरला पहिल्यांदा भेटला, तेव्हा भालचंद्र त्याला दिसला नाही. दिसला तो फक्त एक हात.

हे १९८२ सालच्या सप्टेंबरातलं. आशियाई खेळांच्या तयारीसाठी सगळी दिल्ली खणून ठेवलेली होती. विश्वास अहमदनगरहून एक ट्रंक, एक हार्मोनियम आणि नेमणुकीचा कागद घेऊन त्या खड्ड्यांतून वाट काढत ऑफिसात पोचला. ऑफिस केंद्र सरकारचं, खाणींचं काम बघणारं. सेक्शनच्या बड्या बाबूने मान वर न करता सांगितलं, "निमकर के पास बैठ जाइए. वो भी आपके उधर के हैं." बाबूने बोट केलं त्या कोपऱ्यात विश्वासने पाहिलं, तर तिथे माणूस नव्हता, फायली होत्या. त्या जमिनीपासून निघून थेट छताच्या पंख्यापर्यंत गेल्या होत्या, आणि सर्वांत वरच्या दोन-तीन फायलींचे कोपरे पंख्याने छान गोल कातरून दिले होते. पावसाळ्यात त्या ढिगाच्या उत्तरेच्या अंगाला शेवाळं धरायचं आणि शिखरावर कबुतरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या, असं सेक्शनमध्ये सांगत. मधोमध एक चिंचोळी खिंड होती. तिच्यातून एक हात बाहेर आला, त्याने चहाचा पेला चाचपला, बशीतलं बिस्किट उचललं, एका कागदावर सही ठोकली आणि तो पुन्हा आत गेला. विश्वास आजही शपथेवर सांगतो की सोमवारी त्याने त्या हाताशी हस्तांदोलन केलं, मंगळवारी त्या हाताला स्वतःच्या डब्यातली चपाती दिली, आणि त्या हाताला जोडलेला उरलेला माणूस त्याला बुधवारी दुपारी बघायला मिळाला.

तो उरलेला माणूस सव्वीस वर्षांचा, किडकिडीत आणि मूळचा चिपळूणचा होता. त्याने विश्वासचं नाव विचारण्याआधी त्याला विचारलं, "एका टन दगडात चार ग्रॅम सोनं असेल तर ते चांगलं की वाईट?" विश्वास म्हणाला, "चार ग्रॅम म्हणजे कमीच की." भालचंद्रने सुस्कारा सोडला आणि त्याला चार ग्रॅमचं महत्त्व समजावून सांगितलं. ते समजावणं पुढे चौतीस वर्षं चाललं.

भालचंद्रने आयुष्यभर सोनं हाताळलं, म्हणजे सोन्याबद्दलचे कागद हाताळले. कुठल्या डोंगरात किती खोलीवर किती सोनं, कुठली खाण पाण्याने भरली, कुठल्या राज्याने परवाना कधी अडवला, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. पण जमिनीतलं सोनं त्याने कधी पाहिलं नव्हतं. १९९१ साली एकदा योग आला होता. दक्षिणेतल्या एका खाणीच्या दौऱ्यासाठी त्याचं नाव निघालं. त्याने करोलबागेतून गमबूट विकत घेतले आणि चार दिवस घरात घालून सवय केली. निघायच्या आदल्या दिवशी संसदेत सोन्याच्या उत्पादनावर प्रश्न लागला, आणि उत्तराचा मसुदा करू शकेल असा दुसरा माणूस ऑफिसात नव्हता. दौऱ्यावर साहेब गेले. जाताना भालचंद्रचे गमबूटही घेऊन गेले. परत आल्यावर भालचंद्रने अधीर होऊन विचारलं, "सर, कैसा था अंदर?" साहेब म्हणाले, "बहुत गर्मी थी, निमकर." भालचंद्रने तेवढंही टिपून ठेवलं.

निवृत्तीच्या दिवशी हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन टॅक्सीत बसताना तो विश्वासला म्हणाला, "फार नको. एक कण. तांदळाएवढा. पण मी स्वतः जमिनीतून उचललेला. मग माझी काही तक्रार नाही."

पुढच्या सीटवरून त्याची बायको, सरलावहिनी, म्हणाल्या, "तक्रार बंद होणार असेल तर मी आजच आणते आणि खालच्या कुंडीत पुरून ठेवते."

"अगं, विकतचं नको. जमिनीतलं हवं."

"विकतचं काय झाडाला लागतं?"

भालचंद्रने घड्याळाच्या खोक्यावरची वॉरंटी वाचायला घेतली.

निमकर आणि आढाव ही दोन्ही घरं द्वारकेतल्या एकाच सोसायटीत होती, मध्ये दोन ब्लॉक. निमकरांची मुलगी वृंदा लग्न होऊन ऑस्ट्रेलियात, पर्थला. २०१८ च्या फेब्रुवारीत तिचा नवरा श्रीरंग कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे गुरुग्रामला आला आणि पहिल्याच रविवारी सासुरवाडीला एक लांबलचक पिशवी घेऊन हजर झाला. पिशवीत मेटल डिटेक्टर होता. साधासुधा नव्हे, सोनं शोधण्याचा. पर्थपासून सात-आठ तास मोटारीने गेलं की सोन्याचा मुलूख लागतो, आणि तिथे परवाना काढून कोणालाही असं यंत्र घेऊन हिंडता येतं, हे श्रीरंगने चहा पिता पिता सांगितलं. मे महिन्यात सासूसासरे पर्थला येणारच होते. श्रीरंगने दोन दिवसांची रजा आताच मागून ठेवली होती.

"दोनच दिवस मिळतील, बाबा," तो म्हणाला. "म्हणून यंत्र इकडे आणलं. तुम्ही हात बसवून घ्या. आणि एक गोष्ट ठरवायची आहे."

त्याने पिशवीतून दोन चकत्या काढल्या. डिटेक्टरच्या दांड्याला खाली लावायची ही चकती म्हणजे कॉइल. तिच्या पोटात तारेची वेटोळी असतात. ती जमिनीलगत फिरवत चालायचं; यंत्र सतत गुणगुणत असतं, आणि खाली धातू आला की त्याचा सूर बदलतो. एक कॉइल अठरा इंची, गोल, पुरणाच्या परातीएवढी. दुसरी दहा इंच लांब आणि पाच इंच रुंद, पायातल्या चपलेएवढी. तिकडच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही वापरून बघायला दिल्या होत्या. श्रीरंग जाताना एक ठेवायची आणि दुसरी त्याच्याबरोबर परत.

"मोठी खोल बघते," श्रीरंग म्हणाला, "पण बारीक कण तिला कळत नाही. छोटी खोल जात नाही, पण वीतभर खोलीतला कण सोडत नाही. म्हातारा म्हणतो, ती जमीन लोकांनी सव्वाशे वर्षं चाळली आहे. मोठे तुकडे केव्हाच गेले. राहिलेत ते कण."

"मग छोटी ठेवा," सरलावहिनी पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणाल्या. "यात ठरवायचं काय आहे?"

भालचंद्रने त्यांच्याकडे टेंडर न काढता खरेदी करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "असं नसतं, सरला. प्रकरण तपासावं लागतं."

आणि संध्याकाळी फाइल उघडली गेली.

या फाइलीविषयी थोडं सांगायला हवं. भालचंद्र आणि विश्वास या दोघांची नोकरीतली एक रीत होती. चौतीस वर्षांत ते एकमेकांशी तोंडाने एकदाही भांडले नव्हते. मत जुळलं नाही की ते फाइलीवर लिहायचं, परिच्छेदाला क्रमांक घालायचा, खाली सही करायची आणि दुपारी डबा एकत्र खायचा. निवृत्तीनंतरही ती रीत सुटली नाही. गच्चीवर पाण्याची टाकी कुठली बसवावी, सोसायटीच्या निवडणुकीत कोणाला मत द्यावं, या सगळ्यांच्या फायली झाल्या होत्या. ऑफिसात टिपणं हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहावी लागत. घरच्या फायली मात्र शुद्ध मराठीत चालत, इतक्या शुद्ध की वृंदाला त्या वाचताना आईला हाक मारावी लागे.

सोन्याची फाइल सगळ्यांत देखणी झाली. भालचंद्रने पहिल्या पानावर विषय लिहिला, 'सुवर्णशोधनार्थ कॉइलची निवड', आणि दुसऱ्या पानावर तुलनात्मक तक्ता आखला. वजन, आकार, खोली, कणाची जाणीव, झुडपांतून फिरण्याची सोय. 'वजन' या रकान्यापुढे त्याने 'मोठी कॉइल जड, तथापि सुसह्य' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली सरलावहिनींच्या पेन्सिलीतलं अक्षर उमटलं: 'कोणाला सुसह्य? मागच्या दिवाळीतली पाठ विचारात घ्यावी.' फाइल सकाळी विश्वासकडे जाई, संध्याकाळी परत येई. विश्वासने लिहिलं, 'म्हाताऱ्याचे मत अनुभवसिद्ध दिसते.' भालचंद्रने लिहिलं, 'म्हाताऱ्याचे मत ऐकीव आहे. प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.'

पहिली चाचणी शेजारच्या बागेत, सकाळी साडेसातला झाली आणि आठला संपली. भालचंद्र दांडा धरून उभा राहिला की फिरायला आलेला प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थांबून दोन्ही हात वर करी. मेट्रोत रोज तपासून घेणारं हे शहर. हातात डिटेक्टर धरलेला माणूस दिसला की इथे दंड आपोआप वर जातात. एका बाईंनी न सांगता पर्स उघडून दाखवली. एक वयस्क सरदारजी पुढून झालं म्हणून पाठ फिरवून उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हो गया, भाईसाहब?"

"हो गया," भालचंद्र म्हणाला. नाही म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

त्यातून बागेच्या मातीत सोनं सोडून सगळं होतं. बाटल्यांची झाकणं, खिळे, जुन्या कुंपणाची तार. डोक्यावरून दर चार मिनिटांनी विमान जाई आणि यंत्र कोणीतरी चिमटा काढल्यासारखं कण्हे. तेव्हा चाचणी सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर हलवण्यात आली. तिथे चौदा वर्षांपूर्वी समाजमंदिर व्हायचं होतं, आणि त्यासाठी आणलेली शेतातली स्वच्छ माती तेवढी आली होती.

आता पुरायला सोनं हवं. भालचंद्रने ते बायकोकडे मागितलं.

"म्हणजे बघा हं, भावजी," सरलावहिनी विश्वासला म्हणाल्या. "जमिनीतलं सोनं घरात आणायचंय, म्हणून घरातलं सोनं जमिनीत पुरायचं. हे सरकारात असंच चालायचं का?"

"साधारण असंच, वहिनी."

त्यांनी जुन्या, तुटलेल्या पोतीतला एक मणी काढून दिला. ज्वारीच्या दाण्याएवढा. "हा हरवला तर ऑस्ट्रेलियाला मी एकटी जाईन," असंही सांगितलं.

चाचणी निष्पक्ष व्हावी म्हणून भालचंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि विश्वासने मणी तीन इंच खोल पुरला. मग भालचंद्रने छोटी कॉइल लावली आणि संथपणे, गवत कापावं तशी डावी-उजवीकडे फिरवत तो निघाला. यंत्र गुणगुणत होतं. विश्वास महिन्यातून एकदा चर्चमध्ये मराठी उपासनेला हार्मोनियम वाजवायचा; त्याच्या कानाने ती गुणगुण मुकाट्याने तपासली आणि काळी चारच्या जवळपास ठरवली. कॉइल मण्यावर आली. सूर एकदम उंच गेला, बारीक झाला, वहीच्या कागदावर सुई ओढावी तसा, आणि पुन्हा खाली आला.

विश्वास वाट बघत राहिला. भालचंद्र थांबला नाही. तो प्लॉटच्या टोकाला गेला, वळला, परत आला. कॉइल पुन्हा मण्यावरून गेली. पुन्हा सुई ओढली गेली. भालचंद्र पुढे गेला. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी त्याने हेडफोन लावले होते, पण आवाज इतका मोठा ठेवला होता की सूर बाहेर विश्वासलाही ऐकू आला.

"बेकार आहे ही," भालचंद्र घाम पुसत म्हणाला. "काहीच सांगत नाही."

मग त्याने मोठी कॉइल लावली. विश्वासने यावेळी एक जुनं पितळी कुलूप हातभर खोल पुरलं. परात त्याच्यावर आली आणि यंत्राने लांबलचक, खालच्या पट्टीतला हुंकार दिला. भालचंद्र जागच्या जागी थबकला. त्याचा चेहरा विश्वासने १९९१ नंतर प्रथमच इतका उजळलेला पाहिला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "हिला म्हणतात कॉइल. मोठीच ठेवायची."

परतताना दोघं बाकावर टेकले. समोरच्या जास्वंदीवर एक शक्करखोरा चिवचिवत होता. "बघ, कसा बोलतोय," विश्वास म्हणाला. "हो, छान," असं म्हणून भालचंद्रने मान डोलावली. तो गच्चीवरच्या कावळ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी भालचंद्र बँकेत गेलेला बघून विश्वास निमकरांकडे आला. सरलावहिनी मटार सोलत होत्या. त्याने कसंबसं सुरू केलं, "वहिनी, भालचंद्रला हल्ली थोडं..."

"ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. भाजी कशी झालीय विचारलं की साडेदहाला म्हणतात."

"डॉक्टरकडे?"

"नाव काढलं की पेपर उघडतात. म्हणतात, लोक हल्ली पुटपुटतात. सगळी दिल्ली पुटपुटते, हे एकटे नीट बोलतात. जाड आवाज येतात अजून. बारीक गेले. माझा आधी गेला." त्यांनी एक शेंग फोडली. "तुमच्या लक्षात आता आलं होय, भावजी?"

विश्वास घरी आला आणि खिडकीशी बसून राहिला. श्रीरंगच्या जाण्याला सहा दिवस होते. आपण गप्प बसलो तर परात इथे राहणार आणि चप्पल परत जाणार. मग मे महिन्यात हा माणूस सव्वाशे वर्षं चाळलेल्या जमिनीवर दोन दिवस परात फिरवणार, आणि कणाकणावरून चालत जाणार. आयुष्यात मिळालेले दोन दिवस. बरं, तोंडावर सांगावं तर तशी रीत नाही. 'अरे, तुला ऐकू येत नाही' हे वाक्य त्याने आरशासमोर म्हणून पाहिलं. ते कुठल्याही पट्टीत बरं लागेना.

शेवटी त्याने फाइल ओढली. तीन कच्चे मसुदे फाडले आणि चौथा उतरवला:

'१२. चाचणीच्या वेळी निम्नस्वाक्षरीकार मण्यापासून तीन फुटांवर उभा होता. छोटी कॉइल मण्यावरून पाच वेळा गेली. पाचही वेळा यंत्राने आवाज दिला. आवाज बारीक व उंच पट्टीतला होता. निम्नस्वाक्षरीकारास तो ऐकू आला. सबब दोष कॉइलचा दिसत नाही. विचारार्थ सादर.'

दोष कोणाचा दिसतो, हे त्याने लिहिलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठे थांबायचं एवढं तो शिकला होता.

त्या संध्याकाळी फाइल परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भालचंद्र खाली फिरायलाही आला नाही. छत्तीस वर्षांत भालचंद्रने एखादी फाइल रात्रभर ठेवून घेतल्याचं विश्वासला आठवत नव्हतं. ढिगाखाली राहत होता तेव्हासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. परिच्छेद बाराच्या खाली दोन शब्दांचा शेरा होता: 'चर्चा करावी.' खालची सही नेहमीपेक्षा लहान होती.

'चर्चा करावी' हा शेरा ऑफिसात फार विचारपूर्वक लिहितात. जे कागदावर लिहिता येत नाही, ते बोलायला या, असा त्याचा अर्थ. विश्वासने सदऱ्याची बटणं लावली आणि तो दोन ब्लॉक चालत गेला.

भालचंद्र बाल्कनीत बसला होता. समोर दोन्ही कॉइल टेबलावर ठेवलेल्या.

"बस," तो म्हणाला. विश्वास त्याच्या उजव्या हाताला बसला. मग उठला आणि अगदी समोर बसला. भालचंद्रच्या ते लक्षात आलं.

"पाचही वेळा?" त्याने विचारलं.

"पाचही."

"तिथेच का नाही बोललास?"

"आपण कधी बोललोय?"

भालचंद्रने छोटी कॉइल उचलून मांडीवर घेतली. "मला वाटलं, यंत्र चढवून घ्यावं लागतं. आवाज पूर्ण मोठा केला होता रे. मला गुणगुण येते. त्याच्यावर काही येतच नाही." मोठीकडे बोट करून तो म्हणाला, "मग मोठीच बरी. निदान ऐकू तरी येईल."

"तिला कण कळत नाही, भालचंद्र."

"आणि जिला कळतो ती मला सांगत नाही. काय करायचं, सांग. लिही पाहिजे तर."

 दोघं खाली प्लॉटकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात कुकर झाला, गॅस बंद झाला, आणि सरलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टेबलावरचे हेडफोन उचलले आणि स्वतःच्या डोक्यावर चढवले. अंबाडा आडवा येत होता, तो त्यांनी खाली सरकवला.

"चला," त्या म्हणाल्या. "मला साडेअकराला डाळ फोडणीला टाकायची आहे."

"तुला यातलं काय कळतं?" भालचंद्र म्हणाला.

"सोन्यातलं? बाईमाणसाला विचारताय?"

प्लॉटवर विश्वासने मणी पुरला. यावेळी नवरा-बायको दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. मग भालचंद्रने दांडा धरला आणि सरलावहिनी त्याच्या मागे वायरीच्या अंतराने उभ्या राहिल्या. वायर जेमतेम चार फूट होती. तो चालला की त्यांना चालावं लागे, आणि त्या थांबल्या की त्याला थांबावं लागे.

"सप्तपदीनंतर एवढी मागून पहिल्यांदाच चालतेय," त्या म्हणाल्या.

"हळू बोल. लोक बघतायत."

"हे बरं ऐकू आलं."

दोन फेऱ्या झाल्या. विश्वास हात मागे बांधून, मण्याकडे अजिबात न बघता उभा होता. तिसऱ्या फेरीत सरलावहिनींनी वायर धरून किंचित ओढली.

"मागे या. एक पाऊल. आता डावीकडे. अजून. इथे."

"नक्की?"

"डास कानाशी आल्यासारखं झालं. इथेच."

भालचंद्र गुडघ्यांवर बसला. त्याने खुरप्याने माती काढली, ती प्लास्टिकच्या ताटलीत घेतली, अर्धी टाकली, उरलेली कॉइलसमोर धरली, पुन्हा अर्धी टाकली. शेवटी तळहातावर चिमूटभर माती राहिली आणि तिच्यात मणी. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

"उठा आता," सरलावहिनी म्हणाल्या. "तो आपलाच आहे."

संध्याकाळी फाइल विश्वासकडे आली. भालचंद्रने नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'छोटी कॉइल ठेवावी. मोठी श्रीरंगबरोबर परत करावी. कॉइल फिरविण्याचे व खणण्याचे काम अधोहस्ताक्षरिताकडे राहील. ऐकण्याचे काम सौ. सरला यांच्याकडे सोपविण्यात येत आहे.' खाली पेन्सिलीत होतं: 'मान्य. दुपारी जेवणानंतर एक तास सुट्टी.' विश्वासने सही केली.

रविवारी श्रीरंग मोठी कॉइल घेऊन गेला. मार्च आणि एप्रिल दोघं नवरा-बायको रोज सकाळी प्लॉटवर सराव करत. सोसायटीतल्या लोकांना आधी मौज वाटली, मग सवय झाली. सरलावहिनींचा कान इतका तयार झाला की खिळा कुठला आणि झाकण कुठलं, हे त्या न खणता सांगू लागल्या. "खिळा रागावल्यासारखा बोलतो," त्या विश्वासला म्हणाल्या, "आणि मणी लाडात." भालचंद्रची पाठ एकदा धरली, पण छोटी कॉइल हलकी असल्यामुळे दोन दिवसांत सुटली. त्याने तक्त्यात 'वजन' या रकान्यात तशी दुरुस्ती केली आणि पेन्सिलीतल्या शेऱ्यापुढे 'योग्य' असं लिहिलं.

मे महिन्याच्या अठरा आणि एकोणीस तारखेला ते त्या मुलखात होते. विश्वासला सगळी हकीकत वृंदाच्या घरून फोनवर कळली, सरलावहिनींकडून, कारण फोनवर भालचंद्रच्या वतीने हल्ली त्याच बोलत. जमीन कुंकवासारखी लाल होती. झाडं विरळ होती आणि माणूस कोणी नव्हतं. दोन्ही दिवस सकाळी सातपासून ऊन उतरेपर्यंत दोघं चार फुटांच्या वायरीने बांधलेले चालत होते. श्रीरंग झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. भांडण दोनदा झालं, एकदा दिशेवरून आणि एकदा दुपारच्या सुट्टीवरून. आवाज एकोणसाठ वेळा आला. भालचंद्रने एकोणसाठ वेळा गुडघे टेकले आणि खणलं, एकदाही कुरकुर न करता.

त्या एकोणसाठ खड्ड्यांतून एकेचाळीस शिशाचे छर्रे, सोळा खिळे, डब्याचं एक झाकण आणि एक पितळी बटण निघालं. सोनं निघालं नाही. तरीही भालचंद्रने तक्रार केली नाही, हे सरलावहिनींनी फोनवर दोनदा सांगितलं.